बंदूक, उंबरठा आणि अमेरिकन कथा

आत्मसंरक्षणासाठी गोळी झाडली असे सांगणारा मनुष्य जिवंत असतो. ज्याच्यावर ती झाडली गेली तो पुष्कळदा नसतो. या साध्या गोष्टीकडे जितके लक्ष जावयास हवे तितके जात नाही. न्यायासनापुढे प्रत्यक्ष प्रसंग कधीच येत नसतो, येते ती त्या प्रसंगाची हकीकत. आणि या प्रकारच्या हकीकतीचा निवेदक बहुधा एकच असून तिच्यातील दुसरे प्रमुख पात्र कायमचे मूक झालेले असते. निवेदकावर विश्वास कितपत ठेवावयाचा, त्याने काय गाळले असावे, त्याच्या शब्दाला वजन कशामुळे आले, हे प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाला परके नाहीत. खाजगी बंदुकीविषयी अमेरिकेत अखंड चाललेल्या वादाचा विचार कायदेपंडित, समाजशास्त्रज्ञ आणि राजकारणी आपापल्या परीने करीत आले आहेत. त्या देशाच्या कथावाङ्मयाने हाच विचार निवेदनाच्या अंगाने केला आहे, आणि तो करताना वादात सहसा न उमटणारी काही सत्ये त्याच्या हाती लागली आहेत.

वादाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. अमेरिकन राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ मधील. तिच्यातील शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरी सेनेच्या संदर्भातला की व्यक्तिमात्राचा, याविषयी दीर्घकाळ मतभेद राहिला. २००८ मध्ये ‘हेलर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो व्यक्तीचा हक्क ठरविला आणि घरात आत्मसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणे त्यात येते असे मानले. २०२२ च्या ‘ब्रूएन’ खटल्याने तो हक्क उंबरठ्याबाहेर, रस्त्यावर आणला. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेच्या २०१७ च्या अंदाजानुसार त्या देशात दर शंभर माणसांमागे सुमारे १२० खाजगी बंदुका होत्या.

तथापि खरा पालट या निकालांच्या पुष्कळ आधी घडून आला होता. इंग्रजी परंपरागत कायद्याप्रमाणे घराबाहेर हल्ला झाला असता माणसाने शक्य तोवर मागे हटावे, पाठ भिंतीला टेकल्यावरच प्राणघातक प्रतिकार करावा, अशी अपेक्षा असे. अपवाद घराचा; घर हा गडच, तेथून मागे कोठे हटावयाचे? अमेरिकन राज्यांच्या न्यायालयांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही मर्यादा झुगारून दिली. १८७६ मध्ये ओहायोच्या न्यायालयाने सांगितले की, ज्याच्याकडे दोष नाही अशा ‘खऱ्या पुरुषा’ने हल्लेखोरापुढून पळ काढण्याचे कारण नाही. पुढच्याच वर्षी इंडियानाच्या न्यायालयाने त्याच धर्तीचा निर्णय दिला. १९२१ मध्ये टेक्ससमधील एका प्रकरणात न्यायमूर्ती होम्स यांनी उगारलेल्या सुरीसमोर उभ्या असलेल्या माणसाकडून अलिप्त विचाराची अपेक्षा धरता येत नाही, असा अभिप्राय दिला. आणि २००५ मध्ये फ्लोरिडाने ‘जागचे हलू नका’ या तत्त्वाला कायद्याचे स्पष्ट रूप दिले. इतिहासकार रिचर्ड मॅक्सवेल ब्राउन यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात हा प्रवास सविस्तर मांडला आहे. गड हलू लागला, मनुष्य जेथे उभा राहील तेथे त्याचा उंबरठा उभा राहू लागला, असे त्याचे वर्णन करता येईल. येथे ‘पुरुष’ हा शब्द विशेष ध्यानात ठेवावयाचा. कायद्याच्या कलमात तो सहज येऊन जातो; कथालेखकांनी मात्र त्याला सहजासहजी जाऊ दिलेले नाही.

भारतीय वाचकाने हा सगळा प्रकार दूरच्या एका रांगड्या देशाची लहर म्हणून पाहण्याचे कारण नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी लोकांना नि:शस्त्र केले ही राष्ट्रीय चळवळीची जुनी तक्रार होती. १९३१ च्या कराची ठरावात, नियम व निर्बंध यांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाच्या हक्कांमध्ये गणला गेला होता. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी तशी उपसूचना मांडली, डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही व ती फेटाळली गेली. १९५९ च्या कायद्याने परवान्याची पद्धत कायम ठेवली. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवण्याची मुभा राहिली. उलट स्वत:च्या बचावाचा हक्क १८६० च्या दंडसंहितेच्या कलमे ९६ ते १०६ मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलमे ३४ ते ४४ मध्ये तो आजही आहे. तेव्हा बचावाचा हक्क आहे पण बंदुकीचा हक्क नाही, असा हा भेद येथे जाणूनबुजून केला गेला. अमेरिकन कथा वाचताना तो मनात असला म्हणजे तेथे हे दोन हक्क एकमेकांत किती मिसळून गेले आहेत, हे चटकन दिसते.

या मिसळणीचे श्रेय किंवा अपश्रेय पश्चिमेकडील गोपाळांच्या आणि बंदूकबाजांच्या कथांना देण्याचा प्रघात आहे. इतिहास त्याला तितकासा अनुकूल नाही. रॉबर्ट डिक्स्ट्रा यांनी १९६८ मध्ये कॅन्ससमधील गुरांच्या व्यापाराच्या पाच गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १८७० ते १८८५ या काळात त्या पाच गावांत मिळून ४५ माणसे मारली गेल्याचे त्यांना आढळले. चित्रपटात एवढी माणसे एका संध्याकाळी पडतात. ॲरिझोनातील टूमस्टोन येथील २६ ऑक्टोबर १८८१ ची चकमक दंतकथेत गाजलेली आहे. परंतु ती गावात शस्त्र घेऊन फिरण्यास बंदी करणाऱ्या नगराच्या नियमावरून उद्भवली हे दंतकथेने विसरविले. अर्ध्या मिनिटात तीन माणसे मेली. त्यानंतर महिनाभर न्यायाधीश स्पायसर यांच्यापुढे साक्षी चालल्या, आणि मेलेल्यांचे हात वर होते की पिस्तुलाकडे गेले होते याविषयी साक्षीदारांचे अखेरपर्यंत एकमत झाले नाही. ज्यांनी गोळ्या घातल्या ते समर्थनीय ठरले. अर्ध्या मिनिटाच्या कृतीला महिन्याचे निवेदन लागले, यातच या वाङ्मयप्रकाराचे बीज आहे.

त्या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून देणारी कादंबरी म्हणजे ओवेन विस्टर यांची ‘द व्हर्जिनियन’ (१९०२). लेखक फिलाडेल्फियाचा, हार्वर्डमध्ये शिकलेला, थिओडोर रूझवेल्ट यांचा स्नेही. विवाहाच्या आदल्या दिवशी ट्रॅम्पस नायकाला गाव सोडून जाण्याची धमकी देतो. वाग्दत्त वधू मॉली नायकाला सांगते की तो लढावयास गेला तर विवाह होणार नाही. नायक जातो, ट्रॅम्पसची गोळी आधी सुटते, नायकाची नंतर, आणि नायक परत येताच मॉलीचा निर्धार विरघळतो. येथे लेखकाने सर्व संशय आधीच मिटवून टाकले आहेत. पहिली गोळी कोणाची, याचा निर्वाळा तो स्वत: देतो. याच कादंबरीत न्यायाधीश हेन्री हा मॉलीपुढे गुरेचोरांना फाशी देणाऱ्या जमावाचे समर्थन करतो, आणि दक्षिणेत कृष्णवर्णीयांना जमाव ठार करतो त्याहून हे निराळे, असा भेद करण्याची त्याला गरज भासते. कादंबरी कलाकृती म्हणून सामान्य आहे. पण ती प्रामाणिकपणे सामान्य आहे. जे झाकावयाचे ते झाकण्यापूर्वी ती त्याचे नाव उच्चारते.

जॅक शेफर यांची ‘शेन’ (१९४९) ही कादंबरी मात्र वेगळ्या योग्यतेची आहे, आणि १९५३ च्या चित्रपटाच्या कीर्तीने तिचे थोडे नुकसानच केले आहे. (हे पुस्तक लिहीपर्यंत ओहायोच्या या लेखकाने पश्चिमेचा मुलूख पाहिलेलाही नव्हता, प्रत्यक्षानुभवाचा आग्रह धरणाऱ्या टीकाकारांनी यावर विचार करावा.) वायोमिंगमध्ये १८८९ साली जमीन कसून राहणारी छोटी कुटुंबे आणि मोकळ्या कुरणांवर हक्क सांगणारा फ्लेचर यांच्यातील हा संघर्ष. शेन नावाचा अनोळखी स्वार जो स्टॅरेटच्या शेतावर गडी म्हणून राहतो. पिस्तूल तो कमरेला लावीत नाही. ते त्याने आपल्या वळकटीत गुंडाळून ठेवलेले असते. कादंबरीतील एक उत्कृष्ट प्रसंग बंदुकीचा नाहीच. शेतातला जुना चिवट बुंधा शेन आणि जो दोघे मिळून कुऱ्हाडींनी तोडून काढतात, तो आहे. बंदूक हेही कुऱ्हाडीसारखे साधनच, ती बरी की वाईट हे वापरणाऱ्यावर, असे शेन मुलाला सांगतो. अनुवादकाची येथे मोठी पंचाईत होते. मराठीत सुताराची पटाशी आणि रंधा हीदेखील ‘हत्यारे’च, दसऱ्याला तलवारीबरोबर नांगराचीही पूजा होते. तेव्हा ‘बंदूक हे एक हत्यार आहे’ असे लिहिले की शेनचा युक्तिवाद नाहीसा होऊन उरते ती केवळ पुनरुक्ती. ‘अवजार’ म्हणावे तर युक्तिवाद इतका उघडा पडतो की तो बोलणारा शेन भाबडा वाटू लागतो. इंग्रजी शब्दाने ज्या दोन वस्तूंमधले अंतर लपविले आहे ते मराठीने आधीच मिटविलेले आहे, आणि म्हणून ते लपविण्याची क्रिया मराठी वाचकाला दाखविताच येत नाही.

परंतु ‘शेन’मधील मर्माची जागा याहून पुढे आहे. फ्लेचर हा विल्सन नावाचा भाडोत्री बंदूकबाज आणतो. विल्सन अर्नी राइट या शेतकऱ्याला त्याच्या जन्माविषयी हिणकस बोलून चिथावतो. अर्नीचा हात पिस्तुलाकडे जातो. विल्सन त्याला ठार करतो. पहिला हात अर्नीने घातला, साक्षीदार होते, कायद्याला बोट ठेवावयास जागा नाही. अर्थात आत्मसंरक्षणाचा दावा या कादंबरीत प्रथम करतो तो खलपुरुष, आणि तो दावा निर्दोष असतो! शेवटी शेन ग्राफ्टनच्या पानगृहात विल्सनपुढे उभा राहतो तेव्हा तोही हेच करतो. त्यालाही विल्सनकडून पहिली हालचाल करवून घ्यावयाची असते. दोन्ही प्रसंगांची घडण एकच. फरक एवढाच की दुसऱ्या प्रसंगाकडे पाहणारे डोळे स्टॅरेटच्या मुलाचे आहेत आणि त्या मुलाचे शेनवर निरतिशय प्रेम आहे. शेफर यांनी हे साम्य हेतुत: साधले असे म्हणण्याइतका पुरावा कादंबरीत नाही, पण कथा प्रामाणिक असली म्हणजे लेखकाच्या हेतूपलीकडचेही ती बोलून जाते. शेन जखमी होऊन निघून जातो. माणूस मारल्यानंतर त्या खोऱ्यात आपणास राहता येणार नाही हे त्याला कळते, वाचकाला पटते, आणि या वाङ्मयप्रकाराला मात्र पुढे पन्नास वर्षे ते समजत नाही.

हार्पर ली यांच्या ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) या कादंबरीची चर्चा न्यायालयातील प्रसंगांभोवती फिरत असते. बंदुकीच्या दृष्टीने पाहिले तर ही कादंबरी अधिक गुंतागुंतीची आणि अधिक अस्वस्थ करणारी दिसू लागते. ॲटिकस फिंच पिसाळलेल्या कुत्र्याला एका गोळीत लोळवितो, हा प्रसंग सर्वांना आठवतो. मेकम परगण्यातला एके काळचा अचूक नेमबाज असलेला हा मनुष्य, आपणास सजीवांवर अन्याय्य वर्चस्व मिळाले आहे या जाणिवेने बंदूक खाली ठेवतो, असे शेजारीण मुलांना समजावून सांगते. यातून निघणारा बोध सोपा आहे आणि शाळांतून तोच शिकविला जातो. परंतु तुरुंगाच्या दाराशी दिवा लावून, वर्तमानपत्र वाचीत, हाती शस्त्र न घेता जमावाला सामोरा जाणारा ॲटिकस तेवढाच प्रसिद्ध असला तरी त्या प्रसंगाची शेवटची ओळ फारसे कोणी आठवीत नाही. जमाव निघून गेल्यावर समोरच्या छापखान्याच्या खिडकीतून अंडरवुड डोकावतो. त्याच्या हातात दुनळी बंदूक असते आणि ती सर्व वेळ त्या जमावावर रोखलेली होती हे कळते. नि:शस्त्र धैर्याच्या माथ्यावर, दुसऱ्याच्या हातातली का होईना, बंदूक ठेवल्यावाचून लेखिकेलाही चैन पडले नाही.

याहून सूचक प्रसंग आहे तो त्याआधीचा, कादंबरीच्या सहाव्या प्रकरणातला. जेम, स्काउट आणि डिल ही तीन मुले रात्री रॅडलीच्या परसात शिरतात. नेथन रॅडली अंधारात बंदूक झाडतो. मुले पळतात, जेमची विजार कुंपणात अडकते ती तशीच टाकून तो निसटतो. थोड्या वेळाने शेजारी जमतात आणि रॅडलीने आपल्या भाजीच्या वाफ्यात शिरलेल्या एका कृष्णवर्णीयावर गोळी झाडली, अशी हकीकत त्यांच्यात फिरू लागते. कोणालाही ती तपासावीशी वाटत नाही. दुसरी नळी पुढच्या खेपेसाठी भरून तयार आहे, आणि तेव्हा नेम उंच धरला जाणार नाही, हेही सांगितले जाते. प्रत्यक्षात वाफ्यात होती शेजारच्या वकिलाची मुले. घराच्या रक्षणासाठी झाडलेल्या गोळीचे यापेक्षा अचूक चित्र अमेरिकन कथेत क्वचित सापडेल. आणि ते एका विनोदी प्रकरणात, मुलाच्या हरवलेल्या विजारीच्या आडून आले आहे. कोणीही न पाहिलेला घुसखोर आधी गृहीत धरला जातो, मग त्याला वर्ण दिला जातो, आणि तो वर्ण मिळताच गोळीचे समर्थन पुरे होते.

हा धागा पुढे टॉम रॉबिन्सनपर्यंत जातो. तुरुंगाच्या कुंपणावरून पळून जाताना पहारेकऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या. अंगावर सतरा जखमा. वाचकाला हे कळते ते ॲटिकसच्या तोंडून, आणि ॲटिकसला कळलेले असते ते पहारेकऱ्यांकडून. कादंबरीत याला दुसरा साक्षीदार नाही. शेवटी बॉब इवेल मुलांवर सुरी घेऊन हल्ला करतो, बू रॅडली त्याला मारतो, आणि शेरीफ टेट सांगतो की इवेल आपल्याच सुरीवर पडला. या असत्यावर वाचक मन:पूर्वक खूष असतो, कारण त्याला बू कोण आहे हे ठाऊक असते. पण अधिकाऱ्याने गोष्ट रचावयाची, गावाने ती मान्य करावयाची, हीच यंत्रणा वाफ्यातल्या गोळीला आणि तुरुंगाच्या कुंपणाला उपयोगी पडली होती. एकदा तिने दुबळ्याला वाचविले म्हणून ती यंत्रणा निष्पाप ठरत नाही. कादंबरीला हे दिसलेले नाही. तिच्या अपार लोकप्रियतेचे एक कारण या न दिसण्यात आहे असे म्हटले तर ते कठोर होईल, परंतु अन्यायाचे होणार नाही.

ज्याला गोष्ट सांगण्याचा अधिकार मेकमने दिला नाही त्याच्याच हाती बंदूक आली म्हणजे काय होते? या प्रश्नाचे उत्तर त्याच दक्षिणेतून वर आलेल्या रिचर्ड राइट यांनी वीस वर्षे आधी लिहून ठेवले होते. ‘ऑलमोस अ मॅन’ या नावाने १९४० मध्ये प्रसिद्ध झालेली ही कथा सुधारित रूपात, त्यांच्या मृत्यूनंतर १९६१ मध्ये आलेल्या ‘एट मेन’ या संग्रहात ‘द मॅन हू वॉज ऑलमोस्ट अ मॅन’ या नावाने समाविष्ट झाली. शीर्षकातला ‘मॅन’ आणि ओहायोच्या निकालातला ‘खरा पुरुष’ यांचे नाते उघड आहे, मात्र ते टीकाकारांकडून फारसे जोडले गेलेले नाही. सतरा वर्षांचा डेव्ह सॉन्डर्स हॉकिन्स नावाच्या गोऱ्या मालकाच्या शेतावर राबतो. हाताखालची माणसे त्याला पोरगा म्हणून वागवितात. बंदूक असली म्हणजे तसे कोणी वागविणार नाही, ही त्याची समजूत. दुकानदार ज्यो त्याला जुने पिस्तूल दोन डॉलरला विकतो. आई पैसे देते ती पिस्तूल बापासाठी घरी आणून देण्याच्या अटीवर. डेव्ह ते उशाखाली घेऊन झोपतो, पहाटे मांडीला बांधून शेतावर जातो, पहिला बार काढतो आणि जेनी हे खेचर जखमी होते. रक्त थांबावे म्हणून तो भोकात माती भरतो.

या कथेत कोणाचेही संरक्षण होत नाही आणि कोणी हल्लाही करीत नाही. तरी आत्मसंरक्षणाच्या सगळ्या वाङ्मयाचे हिच्याइतके तीक्ष्ण परीक्षण दुसरे नाही. कारण गोळीनंतर डेव्हदेखील एक गोष्ट रचतो : जेनी बिथरली आणि नांगराच्या फाळावर पडली. शेरीफ टेटची गोष्ट आणि ही गोष्ट घडणीने सारख्याच. एक सुरीवर पडल्याची, दुसरी फाळावर पडल्याची. पहिली गावाने स्वीकारली. दुसरी कोणी ऐकूनही घेत नाही; भोक गोळीचे आहे हे कोणीतरी बोलतो, डेव्ह रडतो, जमलेली माणसे हसतात. दंड ठरतो पन्नास डॉलर, महिना दोन डॉलर या हिशेबाने. म्हणजे दोन वर्षे आणि एक महिना एका मेलेल्या खेचरासाठी राबावयाचे. बंदुकीने डेव्हला पुरुष केले नाही, तिने त्याला कर्जदार केले. रात्री तो पुरलेले पिस्तूल उकरून काढतो, उरलेल्या गोळ्या झाडून टाकतो, टेकडीवरून हॉकिन्सच्या पांढऱ्या मोठ्या घराकडे पाहतो. आणखी एक गोळी असती तर त्या घरावर झाडून मालकाला दचकविले असते, असे त्याच्या मनात येते. मग तो रिकामे पिस्तूल खिशात घालून धावत्या मालगाडीवर चढतो. राइट यांनी या मुलाची कीव केलेली नाही आणि त्याला वीरही केलेले नाही. रिकाम्या पिस्तुलावरचा हात त्यांनी तसाच ठेवून दिला आहे, आणि पुढे त्या मुलाचे काय झाले असेल याची वाचकाला वाटणारी भीती हीच या कथेची खरी अखेर आहे.

बंदुकीच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक अमेरिकेत आत्महत्यांचे असतात. आत्मसंरक्षणाच्या वादात ही गोष्ट बाजूला राहते, आणि खेदाची बाब अशी की कथावाङ्मयातही ती बरीचशी बाजूलाच राहिली आहे. हेमिंग्वे यांच्या ‘फॉर हूम द बेल टोल्स’ (१९४०) मध्ये मात्र थोड्या पानांत तिला स्थान मिळाले. रॉबर्ट जॉर्डनच्या आजोबांनी यादवी युद्धात वापरलेल्या पिस्तुलाने त्याच्या वडिलांनी जीव दिलेला असतो. चौकशीनंतर अधिकारी ते मुलाच्या हवाली करतो. मुलगा ते घेऊन डोंगरातल्या सरोवरावर जातो आणि खोल पाण्यात सोडून देतो. हेमिंग्वे यांच्या वडिलांनी १९२८ मध्ये आणि स्वत: हेमिंग्वे यांनी १९६१ मध्ये बंदुकीनेच जीवन संपविले हे जाणणाऱ्या वाचकाला ही पाने सावकाश वाचता येत नाहीत. येथे गोळीनंतर सांगावयाची गोष्ट कोणापाशीच नसते. रॉबर्ट जॉर्डनही सरोवराचा तो प्रसंग मनातल्या मनात आठवतो.

मेलेल्याला बोलता येत नाही, ही या सर्व कथांची मर्यादा. जेसन रेनॉल्ड्स यांच्या ‘लाँग वे डाउन’ (२०१७) या पद्यमय कादंबरीने ती ओलांडली. पुस्तक किशोरवयीन वाचकांसाठी म्हणून प्रसिद्ध झाले आणि त्यामुळे प्रौढ समीक्षेने त्याकडे पाहावे तितके पाहिले नाही. पंधरा वर्षांच्या विलचा भाऊ शॉन गोळी लागून मेला आहे. रडावयाचे नाही, कोणाचे नाव सांगावयाचे नाही, सूड घ्यावयाचा, हे वस्तीचे तीन नियम. भावाच्या खणातले पिस्तूल कमरेला खोचून विल लिफ्टमध्ये शिरतो. रिग्जनेच शॉनला मारले अशी त्याची खात्री आहे. पुरावा तुटपुंजा आहे. सबंध कादंबरी त्या लिफ्टच्या मिनिटाभराच्या प्रवासात घडते. मजल्यामजल्यावर दार उघडते आणि एकेक जण आत येतो. प्रत्येक जण बंदुकीने मेलेला. शॉनला पिस्तूल देणारा बक, मैदानात खेळताना गोळी लागून गेलेली बालमैत्रीण डॅनी, चुलता, बाप. बापाने आपल्या भावाचा सूड घेतला होता, आणि मारला तो भलताच मनुष्य होता, हे त्याच्याच तोंडून मुलाला कळते. पिस्तुलातली एक गोळी कमी आहे, हे बकच्या सांगण्यावरून विलच्या ध्यानात येते. शॉनने ते कधी वापरले नसणार ही त्याची समजूत ढासळते.

भूतांची योजना जुनी आहे. तिचा उपयोग मात्र येथे नवा झाला आहे. टूमस्टोनच्या चौकशीत, रॅडलीच्या वाफ्यात, मेकमच्या तुरुंगाच्या कुंपणाशी ज्या साक्षीदाराची उणीव होती तो येथे प्रत्यक्ष उभा आहे, धूर काढतो आहे, प्रश्न विचारतो आहे. ओहायोच्या न्यायालयाने माणसाला मागे न हटण्याचा हक्क दिला. रेनॉल्ड्स यांनी त्याला अशा जागेत कोंडले की जेथून मागे हटताच येत नाही, आणि ज्यांचे म्हणणे कोणी ऐकले नव्हते त्यांचे म्हणणे त्याला ऐकविले. ओळी तोकड्या आहेत, पुष्कळशी पाने जवळजवळ कोरी आहेत. काही ठिकाणी ही मांडणी केवळ क्लृप्ती वाटते, विशेषत: शब्दांची अक्षरे उलटसुलट करून दाखविलेल्या जागी. बापाच्या प्रकरणात तसे होत नाही. तेथे कोऱ्या जागेत काय न बोलता राहिले आहे हे मुलाला आणि वाचकाला एकाच वेळी उमजते.

सर्वांत शेवटी शॉन येतो. तो बोलत नाही. पहिला नियम मोडून रडतो. लिफ्ट तळाला पोचते, दार उघडते, मेलेले सगळे बाहेर पडतात, आणि विलला बरोबर येतोस का अशा अर्थाचा दोन शब्दांचा प्रश्न विचारला जातो. तेथे पुस्तक संपते. या दोन शब्दांपाशी मराठी अनुवादकाला थांबून राहावे लागेल. ‘येतोस का?’ म्हटले तर निवड मुलाच्या हाती राहते. ‘येणार ना?’ म्हटले तर ती आधीच झालेली असते, आणि मूळ प्रश्नाचा सूर या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे.